वर्षावास ते वर्षाविहार : लोणावळे-मावळातील पाहुण्यांचे शब्द आणि संकेत

१. प्रश्नाचे स्वरूप

शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे की मानवी योजनेने सिद्ध झालेला आहे, हा वाद मीमांसक आणि नैयायिक यांच्यात दीर्घकाळ चालला. तो योजनेने सिद्ध झालेला आहे, असे मानणाऱ्यांनी त्या योजनेला 'संकेत' हे नाव दिले. अमुक शब्दाने अमुक अर्थ जाणावा, असे ठरणे म्हणजे संकेत. याच शब्दाचा संस्कृत काव्यव्यवहारातील दुसरा अर्थ मात्र ठरवून भेटण्याची खूण किंवा जागा असा आहे. इंग्रजीतील 'कन्व्हेन्शन' या शब्दातही असेच दोन अर्थ नांदतात : एक रूढीचा, दुसरा अनेकांनी एकत्र जमण्याचा. मराठीने या दोन अर्थांची वाटणी केली. रूढीला 'संकेत' म्हटले आणि जमण्याला 'अधिवेशन', 'संमेलन', 'परिषद' असे निरनिराळे शब्द योजले. तथापि माणसे एकत्र जमली की संकेतांची गरज उत्पन्न होते, हे मूळचे नाते त्यामुळे तुटत नाही.

पाहुण्यांवर उपजीविका करणाऱ्या गावात हे नाते विशेष स्पष्ट दिसते. तेथे परस्परांना न ओळखणारी माणसे येतात, थोडा काळ राहतात आणि निघून जातात. येणाऱ्याने कसे वागावे आणि ठेवून घेणाऱ्याने त्याचे काय देणे लागावे, हे सांगणारे नियम कोठेही एकत्र लिहिलेले नसतात. ते बहुधा येण्याला आणि जागेला दिलेल्या नावांत साठलेले असतात. म्हणून अशा गावाच्या शब्दसंग्रहाकडे चार प्रश्न घेऊन जाता येते. शब्द कोणाच्या येण्याविषयी आहे? तो कोणता काळ सुचवतो? किती मुक्काम गृहीत धरतो? आणि त्यात यजमान कोण आहे? पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व त्यातील लोणावळे-खंडाळे हा परिसर या परीक्षेला फार सोयीचा आहे. कारण तेथे बाहेरून माणसे येण्याचा लेखी पुरावा सुमारे दोन सहस्र वर्षांचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट बाजूला काढणे इष्ट होईल. जगातील काही विख्यात विहारनगरे द्यूतगृहांभोवती वाढली. लोणावळे त्या वर्गातले नव्हे. 'कॅसिनो' हा मूळ इटालियन शब्द. 'घर' या अर्थाच्या 'कासा' शब्दाचे ते लघुत्वदर्शक रूप, म्हणजे 'लहानसे घर'. गोव्यात हा शब्द पंचतारांकित हॉटेलांमुळे आणि मांडवीतील नौकांमुळे नित्य व्यवहारात आला. महाराष्ट्रात मात्र कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांविषयीचा अधिनियम १९७६ साली संमत होऊनही कधी अंमलात आला नाही, आणि २०२३ साली तो रद्द करण्यात आला. संज्ञा होती, पण तिला संज्ञी मिळाला नाही, असे हे उदाहरण आहे. लोणावळ्याने चैनीच्या घरासाठी स्वीकारलेला शब्द वेगळाच आहे. तो 'बंगला' होय. आणि त्याचेही मूळ एका घराच्या प्रकारातच, बंगाली धाटणीच्या घरात आहे.

२. प्रदेशाचे नाव

'मावळ' म्हणजे सूर्य मावळतो तिकडचा प्रदेश, अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. पुण्याहून पाहिल्यास मावळ पश्चिमेस येतो, त्यामुळे ती पटतेही. परंतु कार्ले येथील सातवाहनकालीन लेखात या भागाचा 'मामालाहार' असा उल्लेख आहे. 'आहार' हा त्या काळचा प्रशासकीय विभाग. म्हणजे विभागाचे नाव 'मामाल'. दोन स्वरांमधल्या 'म'चा मराठीत 'व' होतो आणि त्याच स्थानी आलेल्या 'ल'चा 'ळ' होतो, हे सर्वज्ञात आहे. 'श्यामल'पासून 'सावळा', 'कोमल'पासून 'कोवळा', 'आमलक'पासून 'आवळा' ही रूपे दोन्ही विकार एकाच वेळी दाखवतात. त्याच वाटेने 'मामाल'चे 'मावळ' होते. 'मावळणे' या क्रियापदाशी जोडलेला संबंध ही लोकव्युत्पत्ती म्हणावी लागते. लोकव्युत्पत्तीला भाषिक पुराव्याचे बळ नसते, पण तिला स्वतःचा अर्थ असतो. प्रदेशाचे नाव कानाला अपारदर्शक झाले, तेव्हा लोकांनी ते आपल्या ओळखीच्या दृश्याशी जोडून घेतले.

'लोणावळे' हे नाव 'लेण्यांची आवली' यावरून आले, असेही सांगतात. लेण्यांचे सान्निध्य या मताला अनुकूल आहे. परंतु 'लेण'मधील एकाराचा ओकार होणे हा नियमित विकार नव्हे, ही अडचण त्यात राहते. या नावाचे लिंगांतर मात्र निश्चित पाहता येते. जुने रूप 'लोणावळे' नपुंसकलिंगी. आजच्या बोलण्यात 'लोणावळा' पुल्लिंगी. 'खंडाळे' आणि 'खंडाळा' यांचेही तसेच. एकारान्त नपुंसकलिंगी आणि आकारान्त पुल्लिंगी नामांचे सामान्यरूप एकच, 'लोणावळ्या-', 'खंडाळ्या-' असे होते. गावाचे नाव बहुधा 'लोणावळ्याला', 'खंडाळ्याच्या घाटात' अशा विभक्तिरूपांतच कानी पडते. त्यामुळे हा पालट बोलणाऱ्याच्या ध्यानात न येता होऊ शकला. येथे येणाऱ्यांची संख्या वाढली आणि गावाचे नाव प्रामुख्याने 'जाण्याचे ठिकाण' म्हणून उच्चारले जाऊ लागले, ही परिस्थिती अशा पालटाला पोषकच होती.

३. वर्षावास

मावळातील पाहुण्यांचा सर्वांत जुना शब्द पावसाशी निगडित आहे. बौद्ध भिक्षूने वर्षभर फिरावे, पण पावसाळ्यात एका जागी राहावे, असा विनयाचा नियम होता. पावसात चालताना कोवळी रोपे आणि लहान जीव पायाखाली चिरडले जातात, हे त्याचे कारण दिले जाई. या मुक्कामास 'वर्षावास' म्हणत. कार्ले येथे त्या वेळी 'वलूरक' या नावाने ओळखली जाणारी लेणी होती. नहपानाचा जावई उषवदात याने या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले, असे तेथील लेखात नोंदले आहे. दान विशिष्ट पंथापुरते किंवा विशिष्ट प्रदेशातून येणाऱ्यांपुरते मर्यादित नव्हते. पुढे सत्तापालट झाल्यावर सातवाहनांच्या आज्ञेनेही याच मामालाहारातील करजक गाव भिक्षूंना देण्यात आले. राज्ये बदलली तरी पाहुण्याच्या पोटाची व्यवस्था चालू ठेवली गेली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दाते मावळाबाहेरचेही होते. चैत्यगृह पूर्ण करवणारा भूतपाल श्रेष्ठी वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा. स्तंभांवरील लेखांत धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे आहेत. घाटमार्गाने जाणारा व्यापार आणि पावसाळ्यात थांबणारा भिक्षू यांनी मिळून ही लेणी उभी केली.

आता आरंभीचे चार प्रश्न या शब्दाला लावून पाहावेत. येणारा भिक्षू. काळ पावसाळ्याचा. मुक्काम सुमारे तीन महिन्यांचा. यजमान स्पष्ट : दान दिलेले गाव आणि त्याचे उत्पन्न. येणाऱ्यावरील बंधन तर शब्दाच्या पोटातच आहे. 'वास' म्हणजे राहणे. फिरणाऱ्याने येथे फिरणे थांबवायचे होते.

४. जत्रा

दुसरा शब्द आजही जिवंत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरच एकवीरा देवीचे मंदिर आहे. मुंबई, ठाणे, रायगड या भागांतील कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आदी समाजांतील असंख्य कुळांची ही कुलदेवता. चैत्रात तिची मोठी यात्रा भरते आणि चैत्र शुद्ध सप्तमीस पालखी निघते. 'यात्रा' आणि 'जत्रा' हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. आरंभीच्या 'य'चा 'ज' झाला, तेवढ्यापुरता 'जत्रा' हा तद्भवांच्या वाटेने गेला. परंतु 'त्र' हे जोडाक्षर टिकून राहिले, म्हणून त्याला अर्धतत्समच म्हणावे लागते. दोन रूपांत अर्थाचीही थोडी वाटणी झाली. 'यात्रे'त जाण्यावर भर आहे, 'जत्रे'त जमण्यावर.

या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. जत्रा 'भरते'. नवस 'बोलतात' आणि 'फेडतात'. पालखीचा मान असणाऱ्याला तो 'मिळतो', तो त्याला 'चुकवता' येत नाही. देणे-घेणे, ऋण आणि मान यांची ही क्रियापदे आहेत. येथे यजमान स्वतः देवी आहे, म्हणून तिला 'आई' म्हणतात. आणि येणारा पाहुणा राहत नाही, तो लेकरू होतो. काळ तिथीने ठरतो. पुढच्या वर्षी परत यायचे, हे गृहीतच असते. जो परत येणार आहे, त्याला जागेची लाज राखावी लागते. जत्रेत कचरा होतो, गर्दी होते, भांडणेही होतात. तथापि संकेतभंग हा तेथे संकेतभंग म्हणून ओळखला जातो.

५. हवापालट

बोर घाटातील गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत खुला झाला. खंडाळे ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. घाटातील चढ मात्र १८६३ साली पुरा झाला. मधल्या काळात घाटाचा टप्पा उतारूंना पालखी, तट्टू अशा साधनांनी ओलांडावा लागे. मुंबईचा मनुष्य आता एका दिवसात घाटमाथ्यावर पोचू लागला, आणि त्याच्याबरोबर 'हवापालट' हा शब्द या गावात रुजला. समासाचे पहिले पद अरबी-फारसीतून आलेले, दुसरे देशी. इंग्रजांच्या 'हिल स्टेशन'चे मराठीने केलेले रूपही येथे आठवावे. 'थंड हवेचे ठिकाण' या प्रयोगात ना टेकडी आहे ना ठाणे. आहे ती हवा. जाणाऱ्याला काय हवे होते, ते मराठीने नेमके पकडले.

हवापालट 'करावा' लागतो. त्यामागे आजारपण किंवा वैद्याचा सल्ला असतो. आठवड्यांचा, कधी महिन्यांचा मुक्काम असतो. बिऱ्हाड हलवावे लागते, भांडीकुंडी न्यावी लागतात. त्यासाठी बंगले बांधले गेले, आणि निरनिराळ्या समाजांनी आपापल्या लोकांसाठी 'सॅनिटोरियम' उभारली. या इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठी-गुजराती व्यवहारात पालटला. क्षयरोग्यांच्या रुग्णालयाखेरीज, ज्ञातिबांधवांना अल्प भाड्यात राहता येईल असे विश्रांतिगृह, असाही अर्थ त्याला प्राप्त झाला. हवापालटात यजमान असतो, पण तो आता दूधवाला, भाजीवाली, बंगल्याचा माळी आणि घोडेवाला अशा अनेक माणसांत विभागलेला असतो. दीर्घ मुक्कामामुळे पाहुण्याला त्यांची नावे ठाऊक होतात, आणि त्यांच्याकडून ओढ्यांची व वाटांचीही.

याच हवेमुळे लोणावळ्यात जमण्याच्या संस्थाही आल्या. स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना १९२४ साली केली. आज शिबिरे, परिषदा आणि कंपन्यांच्या बैठका येथे वर्षभर चालतात. 'शिबिर' म्हणजे मूळचा सैन्याचा तळ. त्यात शिस्तीचा अर्थ होता; साधनेच्या आणि अभ्यासाच्या शिबिरांत तो आजही टिकून आहे. अशा जमण्यांत वेळापत्रक, भोजनसमय, मौन इत्यादी संकेत संस्था ठरवते आणि पाळून घेते. यजमान कोण, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

६. पॉइंट

चौथा शब्द 'पॉइंट'. तो नामांच्या शेवटी येतो आणि कोणत्याही पूर्वपदाशी जुळतो : राजमाची पॉइंट, लायन्स पॉइंट, शिवलिंग पॉइंट, सनसेट पॉइंट. यांतील अमृतांजन पॉइंट हे तर नामकरणशास्त्राचे उत्तम उदाहरण आहे. घाटातील १८३० सालच्या पुलावर त्या वेदनाशामक मलमाची जाहिरात झळकत असे. त्यावरून पुलाला आणि परिसराला ते नाव मिळाले. पूल २०२० साली पाडण्यात आला. जाहिरात गेली, पूलही गेला, नाव उरले.

खंडाळ्याजवळच्या सुळक्याला दोन नावे आहेत. वेलिंग्टनच्या ड्यूकच्या नाकाशी साम्य दिसले म्हणून इंग्रजांनी त्याला 'ड्यूक्स नोज' म्हटले. स्थानिक नाव 'नागफणी'. दोन्ही नावे रूपकावर उभी आहेत, म्हणून एक खरे आणि दुसरे कृत्रिम असे म्हणता येत नाही. फरक सूचकतेचा आहे. ड्यूकचे नाक दुरून ओळखायचे असते. नागाची फणा कोणी हाताळत नाही.

'पॉइंट'चे विशेषत्व त्याच्या व्याकरणात दिसते. माणूस दरी'त' उतरतो, घाटा'त' असतो, ओढ्या'त' पाय ठेवतो, कुंडा'त' पडतो. पण तो पॉइंट'वर' जातो. '-त' हा प्रत्यय बोलणाऱ्याला जागेच्या आत ठेवतो. '-वर' हे शब्दयोगी अव्यय त्याला जागेपासून वर आणि बाहेर ठेवते. तो पाहणारा होतो. क्रियापदही तसेच. सहलीस आलेल्यांच्या बोलण्यात पॉइंट 'होतात' : चार झाले, दोन राहिले. नवस फेडून जो संपतो, तो पुन्हा बोलता येतो. झालेला पॉइंट मात्र झाला. येथे काळ शनिवार-रविवारचा, मुक्काम काही तासांचा, आणि यजमानाची जागा व्याकरणातही रिकामी आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि हा तासांचा मुक्काम सर्वांना शक्य झाला. वृत्तपत्रांनी त्यासाठी योजलेला शब्द 'वर्षाविहार' हा आहे. 'वि' उपसर्ग लावलेल्या 'हृ' धातूपासून आलेल्या 'विहार' शब्दात हिंडणे आणि भिक्षूंचे निवासस्थान हे दोन्ही अर्थ जुने आहेत. भाजे आणि कार्ले येथील लेण्यांत दुसरा अर्थ खडकात कोरलेला आहे. खाली रस्त्यावर पहिला अर्थ वाहनांच्या रांगेत उभा असतो. पूर्वी पाऊस हे फिरणे थांबवण्याचे कारण होते. आता तेच फिरावयास निघण्याचे कारण झाले आहे. मावळातील शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र पावसाचा अर्थ पालटलेला नाही. चिखलणी आणि भातलावणी याच दिवसांत उरकायची असते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला 'इंद्रायणी' हा भाताचा वाण याच पावसावर पिकतो. यजमान घरी नाही, तो खाचरात आहे; अशा वेळी पाहुणा येतो.

७. सांडवा आणि पायऱ्या

शब्दांची ही चर्चा केवळ ग्रंथालयापुरती नाही, हे भुशीच्या उदाहरणावरून कळते. भुशी हे गाव. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून ब्रिटिश काळात तेथे धरण बांधले गेले. वाफेची इंजिने गेली, आणि 'भुशी' म्हटल्यावर गावाऐवजी धरणच डोळ्यांपुढे येऊ लागले. धरण भरले की पाणी ज्या भागावरून खाली सोडले जाते, त्याला मराठीत 'सांडवा' म्हणतात. शब्द 'सांडणे' या क्रियापदापासून आला आहे. येथून पाणी सांडणार, हे तो आधीच सांगतो. भुशीला येणारा पाहुणा त्याच भागाला 'पायऱ्या' म्हणतो. पायरी बसण्यासाठी आणि चढण्यासाठी असते. बांधकाम एकच, एक शब्द सावध करतो, दुसरा बोलावतो.

धरणाच्या मागील बाजूस डोंगरातून येणाऱ्या ओहोळांचे पावसाळ्यात धबधबे होतात. ३० जून २०२४ रोजी तेथे अकस्मात वाढलेल्या लोंढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. माथ्यावर पडलेला पाऊस थोड्या वेळाने खाली पोचतो, आणि खाली उभ्या असलेल्याला तो पडलेला दिसत नाही. मावळात राहणाऱ्याला 'लोंढा' या शब्दाबरोबर हे ज्ञान मिळते. 'धबधबा पाहायला' आलेल्याला ते मिळत नाही. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ रोजी, इंद्रायणीवरील कुंडमळा येथील लोखंडी पूल गर्दीच्या भाराखाली कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. पूल ओलांडण्यासाठी होता. रविवारच्या गर्दीने त्याचा पॉइंट केला. नदीपात्रातील खडकांत पाण्याने कोरलेले खोल खळगे, म्हणजेच कुंडे, या जागेच्या नावातच आहेत. 'सहलीचे ठिकाण' म्हटल्यावर ती कुंडे नावातून नाहीशी होतात, नदीतून होत नाहीत.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. नाव उच्चारल्याने पूर थांबत नाही, आणि जीर्ण पूल शब्दांनी मजबूत होत नाही. ती कामे अभियंत्यांची आणि प्रशासनाची आहेत. परंतु प्रत्येक दुर्घटनेनंतर मनाईचे आदेश निघतात आणि फलक लागतात, तेव्हा ते फलक कोणत्या भाषेत बोलतात, हा प्रश्न भाषाशास्त्राचाच आहे. 'धोकादायक' हे विशेषण कोठेही लावता येते. ते सर्वत्र लागते, म्हणून कोठेच वाचले जात नाही. 'हा सांडवा आहे', 'खाली कुंडे आहेत' ही विधाने त्या जागेखेरीज अन्यत्र करता येत नाहीत. नैयायिकांच्या परिभाषेत सांगावयाचे, तर पहिल्यात केवळ निषेध आहे. दुसऱ्यात संकेतग्रह आहे, म्हणजे शब्दाने वस्तूची ओळख होते.

यावरून पदव्युत्तर अभ्यासाला एक निश्चित काम सुचते. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तीन खोऱ्यांतील ओढे, कडे, खिंडी, टाकी, कुंडे आणि वाटा यांची स्थानिक नावे त्यांच्या सामान्यरूपांसह आणि सोबत येणाऱ्या क्रियापदांसह वयोवृद्धांच्या तोंडून नोंदली गेली पाहिजेत. प्रत्येक पॉइंटचे आधीचे नाव काय होते, ते नाव जागेविषयी काय सांगत होते आणि आज ते किती जणांना ठाऊक आहे, एवढे तीन स्तंभ पुरेत. ही यादी गावच्या फलकांवर गेली, तर पाहुण्याला यजमानाचा शब्द पुन्हा मिळेल. वलूरकच्या भिक्षूला गावाने अन्न दिले. एकवीरेच्या लेकराला देवीने परत येण्याची तिथी दिली. हवापालटाला आलेल्याला माळ्याने ओढ्याचे नाव सांगितले. काही तासांच्या पाहुण्याला मावळाने निदान इतके सांगावे की, तो उभा आहे ती पायरी नसून सांडवा आहे.